दोघांपुरत्या गोळ्या

इब्रा, ओमान
१८ जानेवारी २०१४

ती. अक्का,

पाया पडतो. कासमभाई काल मस्कतच्या मत्रह बाजारातून कापडाचे तागे घेऊन आले आणि तुझं पार्सल हातात देऊन गेले. आमसुलं, कुळथाचं पीठ, पत्र आणि गोळ्यांच्या पाकिटांचा तो ठोकळा, सगळं धड पोचलं. ठोकळ्याला तू जुन्या लुगड्याची पट्टी इतकी घट्ट गुंडाळली होतीस की कात्री घ्यावी लागली. विमानतळावर कस्टमवाल्यानं विचारलं म्हणे, एवढ्या गोळ्या कुणासाठी? कासमभाई म्हणाले, माझ्या दोस्ताच्या पोटात भट्टी आहे.

भट्टी खरीच. या वेळी त्यांची रजा लांबली आणि माझ्याकडच्या गोळ्या अकरा दिवस आधी संपल्या. ते अकरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. छातीच्या हाडामागे आग, साधं पाणी प्यायलं तरी आंबट वर यायचं. चिपळूणच्या डॉक्टरांनी २००७ साली सहा आठवडे घ्यायला सांगितलं होतं. तेव्हा वाटलं, सहा आठवड्यांत सुटलो. आता सात वर्षं होत आली आणि एक दिवस गोळी चुकली तरी चालत नाही, म्हणजे दुखणं किती मुरलंय बघ. तू न चुकता पाठवतेस म्हणून मी उभा आहे.

हात कसे आहेत विचारलंस. बोटांच्या टोकांना मुंग्या असतात. कापडाचा पोत पूर्वी बोटं सांगायची, आता डोळ्यांनी बघावा लागतो. पायाखालची लादी मऊ लागते. बावन्न म्हणजे शिंप्याचं म्हातारपणच, दुसरं काय.

एक गंमत सांगतो, हसू नकोस. इथला बाजार दुपारी एकला मिटतो तो चारला उघडतो. तेवढा वेळ रस्त्यावर नुसतं ऊन. मी शटर अर्धं ओढून आत जेवायला बसतो. महिनाभर झाला, त्या वेळी गिऱ्हाइकांच्या बाकावर एक माणूस येऊन बसतो. अंगानं बारीक, पांढरा शर्ट. शटरखालून वाकून येताना मी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. ताटावरून मान वर करावी तर तो बसलेला. बोलत नाही. चारला शटर वर ढकलून वळलो की बाक मोकळा. तोंड ओळखीचं वाटतं पण नाव आठवत नाही. इथं आल्यागेल्याला आधी खजूर आणि काहवा, म्हणजे इथली कॉफी, द्यायची रीत आहे, म्हणून मी काहवा पुढे ठेवतो. त्याला तो हात लावत नाही.

भीती म्हणशील तर वाटत नाही. एकट्यानं जेवायचा कंटाळा मात्र गेला.

तुझा
दयानंद


धोपावे
२० फेब्रुवारी २०१४

चि. दयानंद यास अक्काचे आशीर्वाद. मोठा हो असं लिहायची सवय आहे, पण बावन्नाव्या वर्षी आणखी किती मोठा होणार, म्हणून सुखी राहा एवढंच लिहिते.

अजिंक्यनं मला कानाचं यंत्र आणलं. त्यातून कोंबड्या तेवढ्या ऐकू येतात, माणसं नाहीत. परवा तू फोन केलास तेव्हा नुसतं भजी तळल्यासारखं ऐकू आलं. तेव्हा लिहीतच जा. कासमच्या घरी पत्र दिलं की त्याची माणसं फेरीबोटीनं दाभोळला नेतात आणि तिकडून पुढे, हे आपलं बरं चाललंय.

अजिंक्यची बायको, माझी नवी सून अश्लेषा, गुणी आहे. लग्नाला तू आला नाहीस याचा राग मी अजून ठेवला आहे, भेटशील तेव्हा काढीन. ती औषधाचा डिप्लोमा शिकलेली आहे, गुहागरला औषधांच्या दुकानात जाते. आता तुझ्या गोळ्या तीच आणते, म्हणजे मला बसनं जायला नको.

आता मुद्द्याचं. तो बाकावरचा माणूस. पत्र वाचलं आणि आधी दार लावून घेतलं रे. पुढच्या महिन्यात तुझे दाजी जाऊन तीन वर्षं होतील. तू येऊ शकला नव्हतास, तुझ्या मालकानं, त्या अर्बाबनं, पासपोर्ट दिला नव्हता, ते सगळं मला माहीत आहे. पण त्यांच्या अंगावर त्या दिवशी तू शिवलेला पांढरा शर्ट होता. छाती त्यांचीही जळायची. आणि ते कुणाकडे गेले की आधी बोलत नसत, यजमानानं विषय काढायची वाट बघत.

डाव्या भुवईवर व्रण आहे का बघ. होडीचा दांडा लागला होता त्याचा. नीट बघ आणि कळव. मी कुणाला काही बोललेली नाही.

तुझी
मंगलाअक्का


इब्रा
१४ एप्रिल २०१४

ती. अक्का,

व्रण आहे. डाव्या भुवईवर, अर्ध्या बोटाएवढा. तुझं पत्र आलं त्याच दुपारी पाहिला. आधी कसा दिसला नव्हता, याचंच नवल वाटलं.

तेव्हापासून मी त्यांना दाजी म्हणतो. मान हलवत नाहीत, पण नाहीही म्हणत नाहीत. मी जेवतो, ते बघतात. आता मीही थोडंच खातो, खुब्जची रोटी आणि चहात भागतं, मासळी तर सोडलीच आहे. समोर कुणी उपाशी असताना आपण ओरपणं बरं दिसत नाही.

एक अडचण झाली आहे. गोळ्या पुरत नाहीत. मी सकाळी उपाशीपोटी एक घेतो, सात वर्षांचा नेम आहे, त्यात चूक व्हायची नाही. पाकीट मशीनच्या खणात असतं. दुपारी बघावं तर आणखी दोन घरं फुटलेली. परवा तीन होती. खणाला मी कुलूप लावून पाहिलं आणि किल्ली कनवटीला ठेवली, तरी तेच. दाजींना गोळी घेताना मी पाहिलेलं नाही, पण दुकानात तिसरं कोण आहे? त्यांची छाती अजून जळत असेल तर बिचाऱ्यांनी कुणाकडे मागायचं?

म्हणून या वेळी दोघांपुरत्या पाठव. पाहुण्यानं आपलं आपण घ्यावं आणि यजमानानं बघत बसावं, मला शरम वाटते.

तुझा
दयानंद


धोपावे
९ जून २०१४

चि. दयानंद यास आशीर्वाद.

दुप्पट पाठवते आहे. रमजानच्या आधी कासम पोचेल, त्याच्याबरोबर. खणाला कुलूप लावू नकोस. त्यांना काही हवं असलं की ते मागत नसत, आपण ओळखून द्यायचं.

अश्लेषा काहीबाही बोलते, इतक्या कशाला, कोण डॉक्टर बघतात मामांना. शिकलेल्या पोरी, त्यांना सगळ्यात खोट दिसते. मी म्हटलं, तिकडे डॉक्टर बघतात. तू त्यात डोकं घालू नकोस.

माझं एक काम कर. तीन वर्षं हे कुणाला सांगितलेलं नाही, पोटच्या पोरालाही नाही. त्या दुपारी ते ओटीवर पडले होते. मी आत मासे साफ करत होते. चहा घेऊन बाहेर आले तर सगळं झालेलं होतं. हात दाराच्या दिशेला होता. शेजारची खुदेजा नंतर म्हणाली की तिला हाक ऐकू आल्यासारखी वाटली, पण रेडिओ असेल म्हणून ती उठली नाही. त्यांच्या-माझ्यामध्ये भिंत होती ती कुडाची, दयानंद. चांगले कान असलेल्या बाईला पलीकडच्या घरातून ऐकू येतं आणि मी दहा हातांवर होते.

त्यांना विचार, मला हाक मारली होती का? एवढंच विचार. जे म्हणतील ते जसंच्या तसं लिही, मला वाईट वाटेल म्हणून बदलू नकोस.

तुझी
अक्का


इब्रा
बुधवार, १३ ऑगस्ट २०१४

ती. अक्का,

पाया पडतो. पार्सल पोचलं. दाजींना विचारलं. ते म्हणाले, हाक मारली नव्हती. तू सुखानं झोप.

ईदची कामं झाली. अर्बाबच्या दिशदाशाला गळ्याचा गोंडा हातानं शिवत होतो. पांढरंशुभ्र कापड. खाली बघतो तर त्या झग्यावर लाल ठिपके, एकामागून एक ओळीनं. सुई बोटातून आरपार जात होती आणि मी शिवत होतो. दुखलं काहीच नाही. अर्बाब चांगला माणूस आहे, तो ओरडला नाही. माझ्या हाताकडे मात्र बघत राहिला.

आज सकाळी बटणं आणायला बाजारात गेलो. सगळीकडे बायका, विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका. त्या हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि वाट सोडून उभ्या राहिल्या. इथं बुधवारचा बाजार बायकांचा असतो, पुरुष पाऊल टाकत नाही. एकवीस वर्षं मला हे माहीत आहे. आज बुधवार आहे हे कुणी सांगितलं नाही. एका म्हातारीनं माझ्या मनगटाला धरून कोपऱ्यापर्यंत आणून सोडलं. माझ्या पायात चप्पल नव्हती. पाय भाजले असतील, कळलं नाही.

दाजी आता सकाळीही येतात. त्यांच्या पायांचा आवाज होत नाही आणि माझ्याही होत नाही.

ती. अक्का, पाया पडतो. पार्सल पोचलं का विचारलंस. अजून नाही. ईदची कामं झाली. अर्बाबच्या दिशदाशाला गळ्याचा गोंडा हातानं शिवत होतो. पांढरंशुभ्र कापड. खाली बघतो तर त्यावर लाल ठिपके. अर्बाब चांगला माणूस आहे, तो ओरडला नाही.

दाजी विचारतात पत्र कुणाला लिहितोस. मी म्हटलं, अक्काला. ते म्हणाले, कोण अक्का?

ती. अक्का, पाया पडतो. पार्सल पोचलं. ईदची कामं


धोपावे
२ सप्टेंबर २०१४

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार. मी अश्लेषा, अजिंक्यची बायको. आपण भेटलेलो नाही, तरी हे पत्र आगाऊपणाचं वाटलं तर माफ करा.

तुमचं तेरा ऑगस्टचं पत्र आईंनी काल माझ्या हातात दिलं. दिलं आणि आत जाऊन बसल्या. मी ते चारदा वाचलं, मग तुमची मागची पत्रंही मागून घेऊन वाचली. हे पत्र कासमचाचा तुम्हाला स्वतः वाचून दाखवतील आणि लगेच गाडीत घालून मस्कतला नेतील. मी त्यांच्याशी फोनवर बोलले आहे. तुम्हाला फोन केला तर तुम्ही 'बरं आहे' म्हणून ठेवता.

मामा, तुमच्या गोळ्या वाईट नाहीत. ज्याला गरज आहे त्याला त्यांनी आराम पडतो. काहींना डॉक्टर त्या वर्षानुवर्षंही देतात, पण मग ते अधूनमधून रक्त तपासत राहतात. तुम्हाला सहा आठवडे दिल्या होत्या आणि तुम्ही सात वर्षं घेतल्यात. ही गोळी पोटातलं आम्ल कमी करते. पण अन्नातलं बी-बारा जीवनसत्त्व सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. ते फार दिवस कमी राहिलं की काहींच्या अंगातलं बी-बारा उतरतं, मॅग्नेशियम उतरतं, हाडंही नाजूक होतात. बी-बारा उतरलं की बोटं बधिर होतात, लादी मऊ लागते, विसरायला होतं, आणि नसलेलं दिसतंही. उशीर केला तर बोटांची जाणीव परत येत नाही. तुमचं पोट या बोटांवर आहे म्हणून हे स्पष्ट लिहिते.

खणातल्या गोळ्या कुणी घेत नव्हतं. एक घेतलेली विसरून तुम्हीच पुन्हा घेत होता.

आणि एक महत्त्वाचं. हे वाचून गोळ्या एकदम फेकून देऊ नका. एवढ्या वर्षांनी अचानक थांबवलं की पोट आधीपेक्षा जास्त आम्ल करतं. जानेवारीत अकरा दिवस जी आग झाली ती तीच असणार. त्यावरून दुखणं मुरलंय असं वाटलं आणि गोळ्या चालू राहिल्या. डॉक्टर सांगतील तशा हळूहळू उतरवायच्या.

पार्सलात आता गोळ्या येणार नाहीत. तिरफळं आणि आमसुलं पाठवू, तीही डॉक्टर हो म्हणाले तर.

आपली
अश्लेषा


मत्रह
२० नोव्हेंबर २०१४

ती. अक्का,

पाया पडतो. हे पत्र एकाच बैठकीत लिहितो आहे आणि कासमभाईंची बायको रशीदाभाभी शेवटी वाचून बघणार आहे, तेव्हा काळजी नको.

दहा आठवडे मी यांच्याच घरी आहे. त्या दिवशी कासमभाई दुकानात आले, सुनेचं पत्र वाचलं आणि म्हणाले, "दयाभाई, यल्ला, गाडीत बसा. तुमच्या त्या पाहुन्याला सांगा, दुकान तो सांबाळंल." मी खरोखरच मागे वळून सांगितलं. ते तेव्हा हसले नाहीत.

डॉक्टर मल्याळी आहेत, शांत माणूस. रक्तात बी-बारा जवळजवळ नाहीच निघालं, मॅग्नेशियमही खाली. गोळ्यांनी झालं आणि चहा-खुब्जवर राहून मी त्यात भर घातली, असं म्हणाले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले, हातावर सुई टोचली आणि टोचलं की सांगा म्हणाले. मला टोचल्याचं कळायच्या आधी रशीदाभाभी रडायला लागली. आधी दिवसाआड इंजेक्शनं झाली, आता आठवड्याला एक. गोळ्या चारावरून एक, मग दिवसाआड, आता बंद. मधे मधे आग झाली, त्याला पातळ औषध दिलं होतं.

बाकीचं ऐकशील तर हसशील. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे घातलेत. उशा रचून उपयोग नाही, पलंगच उतरता हवा. झोपायच्या तीन तास आधी जेवायचं, थोडं थोडं, आणि दुपारी जेवून आडवं व्हायचं नाही. काहवा बंद, तिखट बेतानं. कमरेला घट्ट काही नको, असंही म्हणाले. आयुष्यभर लोकांना विचारलं, कंबर सैल ठेवू का, आणि स्वतःची पँट करकचून आवळत आलो. आता दोन बोटं उसवली आहे. जळजळ आठवड्यातून एखाद्या वेळी, तीही सोसण्यासारखी. एवढ्यानंच भागणार होतं, अक्का, आणि मी सात वर्षं पार्सलाची वाट बघत बसलो.

डोकं स्वच्छ आहे. बोटांचं डॉक्टर काही कबूल करत नाहीत. अंगठा आणि तर्जनी थोडी जागी झाली, बाकीची नाहीत. मशीन चालवता येते. काज आणि गोंडा यापुढे जमेल असं वाटत नाही.

आता तुला जे लिहायचं ते. भुवईवरचा व्रण मी पाहिला नव्हता. तू विचारलंस आणि मग मला दिसला. हाक मारली नव्हती, हेही कुणी बोललं नाही. मीच लिहिलं असणार. तू जसंच्या तसं लिहायला सांगितलं होतंस, म्हणून हे कळवणं भाग आहे. आता तो येत नाही.

तुझा
दयानंद


धोपावे
१५ डिसेंबर २०१४

दयानंद,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

अश्लेषानं मला हे सगळं जूनमध्ये सांगितलं होतं. दुप्पट गोळ्या बघून तिनं मला समोर बसवलं आणि एकेक बोट दुमडत विचारलं, मामांना मुंग्या येतात का, विसरतात का, काही दिसतं का. मी तिन्हीला नाही म्हटलं. तिन्ही गोष्टी तुझ्या पत्रांत होत्या आणि पत्रं माझ्या गादीखाली होती. मला कळलं नाही असं नव्हे रे. मला कळलं की गोळ्या थांबल्या तर ते जातील. एकदा माझ्या नकळत गेले, या वेळी माझ्या हातानं जातील. आणि मला अजून विचारायचं होतं.

तरी मन खात होतं म्हणून देवीकडे जाऊन कौल लावला, पार्सल पाठवू का? डावं फूल पडलं, म्हणजे देवी नको म्हणाली. मी म्हटलं, वाऱ्यानं पडलं असेल. गाभाऱ्यात कसला वारा? घरी आले आणि ठोकळ्याला पट्टी गुंडाळली.

ऑगस्टचं पत्र आलं, त्यात ते 'कोण अक्का' वाचलं, तेव्हा मी भानावर आले. मेलेला नवरा विसरला असता तर मी सोसलं असतं. जिवंत भाऊ विसरला. पत्र मी स्वतः अश्लेषाच्या हातात दिलं, माझ्या बाजूनं बोलायला तेवढंच आहे.

तुझी बोटं मी घालवली. तू मला माफ केलंस असं लिहू नकोस, कारण तू लिहिशील हे मला माहीत आहे आणि मला ते खरं वाटणार नाही. तू मला झोप यावी म्हणून उत्तर लिहिलंस. ती खोटी ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. आता मला ते कधीच कळणार नाही, आणि ते तसंच असायला हवं. तुझी बोटं घेऊन मिळालेलं उत्तर घेऊन मी काय करणार होते?

मंगला


इब्रा
२५ फेब्रुवारी २०१५

ती. अक्का,

पाया पडतो. माफीबद्दल लिहू नको म्हणालीस, नाही लिहीत. मी काय केलं ते लिहितो. वाचून रागावशील.

जानेवारीत मी इब्र्याला परत आलो, दुकान आवरून अर्बाबच्या ताब्यात द्यायचं होतं. इंजेक्शन आठवड्याचं होतं. ते मी तीनदा चुकवलं. कासमभाईंना सांगितलं, इथल्याच दवाखान्यात घेतो. घेतलं नाही. दुपारी शटर अर्धं ओढून, ताट वाढून बसत होतो. तुझा प्रश्न अर्धवट राहिला होता. मी तो विचारलाच नव्हता आणि तुला उत्तर लिहून मोकळा झालो होतो. एकदा नीट विचारावं, डोकं ठिकाणावर असताना, एवढंच मनात होतं.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मान वर केली तर तो बसला होता.

मी लगेच भुवईकडे पाहिलं. व्रण होताही आणि नव्हताही, मी ठरवीन तसं. म्हणून भुवईकडे बघणं सोडलं आणि विचारलं. मोठ्यानं, तुझ्याशी बोलतो तसं. म्हटलं, माझ्या बहिणीला हाक मारली होती का? ती आत होती. तिला ऐकू येत नाही हे तुम्हाला माहीत होतं.

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोलला. ओठ हलताना मी स्पष्ट पाहिले. बराच वेळ बोलला, सावकाश, एखाद्याला समजावून सांगावं तसं. मध्ये एकदा हातही उचलला. मला काही ऐकू आलं नाही. बाहेर एक गाडी गेली ती ऐकू आली, पंख्याची कुरकुर ऐकू आली. मी उठून जवळ गेलो, वाकलो, कान त्याच्या तोंडाशी नेला. ओठ हलत होते. मी दोनदा म्हटलं, पुन्हा सांगा. मग सोडून दिलं, आणि समजल्यासारखी मान हलवली.

अक्का, मला माझ्या कानांचा राग आला नाही. त्याचाही आला नाही. दोन हातांवरून, चांगल्या कानांनी, मी जीव लावून ऐकत होतो आणि तरी ऐकू आलं नाही. तू दहा हातांवर होतीस.

दुसऱ्या दिवशी मी मत्रहला जाऊन इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमचं रक्त आता चांगलं आहे, तीन इंजेक्शनं चुकल्यानं एवढं होत नाही. मग तो कोण होता, हे मी त्यांना विचारलं नाही. तूही विचारू नकोस. मी आता एकही चुकवणार नाही, त्याला पुन्हा बोलावणार नाही.

व्हिसा रद्द झाला. १२ मार्चला निघतो आहे, कायमचा. मशीनवरची साधी शिलाई मला येईल, काज अश्लेषाला शिकवीन. फाटकापासून हाक मारणार नाही, सरळ आत येईन.

तुझा
दयानंद